दादाने मका भादरला

माझा थोरला भाऊ बोलायचा बंद झाला, तेव्हा गल्लीत आधी कुणाला खरंच वाटेना. दादा आणि गप्प? लोक म्हणाले, घसा बसला असेल. एक गृहस्थ तर माझ्या लाँड्रीत येऊन मधाचा उपाय सांगून गेले.

त्यांचं तरी काय चुकलं? नाक्यावर दादाचं सलून होतं आणि तिथे तोंड आधी चालायचं, कात्री मागून. गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कापड बांधून होईपर्यंत दादाचा पहिला विषय निम्मा संपलेला असायचा. हातवारे केल्याशिवाय त्याला बोलता यायचं नाही, त्यामुळे निम्मा वेळ कात्री हवेतच. घाईतली माणसं पलीकडच्या गल्लीतल्या सलूनमध्ये जायची. ज्यांना घरी जाऊन करायचं काही नसायचं, ती सगळी दादाकडे. कुणाच्या मुलाचं लग्न मोडलं, कुणी घर विकायला काढलं, सगळं तिथे आधी कळायचं. पोस्टमन तर म्हणायचा, टपाल वाटायला निघण्याआधी मी सलूनमध्ये डोकावतो, म्हणजे कुठल्या पाकिटात काय आहे ते समजतं.

हा पोस्टमन दादाचा शाळेतला दोस्त, एका बाकावरचा. मिशी फुटल्यापासून त्याच्या डोक्याला दादाशिवाय कुणाचा हात लागलेला नव्हता, आणि याचा दोघांनाही असा काही अभिमान होता की विचारू नका.

मग दादाचा उजवा हात थरथरायला लागला. अगदी बारीक थरथर. कप बशीत ठेवताना आवाज व्हायचा, तेवढीच. डॉक्टरांनी तपासलं, वयाचा कंप आहे म्हणाले, काळजीचं काही नाही. दादाने ते हसण्यावारी नेलं. कात्री चालवताना तो कोपर बरगडीला टेकवून धरायला लागला. पण बोलायच्या भरात कोपर सुटायचं. एका सकाळी पोस्टमनच्या कानामागचे केस नीट करताना दादा असाच रंगात आला, आणि कात्रीत केसांऐवजी कान आला. रक्त फार आलं, टाके पडले, आणि कानाच्या वरच्या कडेला एक खाच राहिली ती कायमची. पोस्टमनने मनावर घेतलं नाही. दवाखान्यातून येताना म्हणाला, बरं झालं, आता चष्म्याची काडी घसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टी बांधलेला कान घेऊन तो मुद्दाम सलूनवर गेला, दादाची फिरकी घ्यायला. शटर खाली होतं. खालच्या फटीतून दिव्याचा उजेड दिसत होता. त्याने शटर वाजवलं, हाका मारल्या, पुन्हा वाजवलं. दादा आत आपल्याच गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसून होता, पण त्याने उघडलं नाही. त्यानंतर कधीतरी पोस्टमन माझ्या लाँड्रीत शर्ट घेऊन आला. शर्ट इस्त्री केलेलाच होता.

"कानाचं काही नाही गं," तो म्हणाला. "शटर उघडलं नाही त्याने. ते लागलं."

सलून बंद झालं ते झालंच. खुर्ची, आरसे सगळं दादाने देऊन टाकलं. फक्त हत्यारांची पेटी घरी आणून कपाटावर ठेवली आणि तो खिडकीशी बसला. माझी वहिनी पहिल्यापासून कमी बोलणारी, कारण त्या घरात तिला दुसरा पर्यायच नव्हता. आता दोन्ही बाजू तिलाच सांभाळाव्या लागायच्या. "आज जरा गार आहे, नाही?" असं विचारून ती आपली आपणच "हो, आहे की" म्हणायची. दादा जेवायचा, पण ताटात काय होतं विचारलं तर त्याला सांगता आलं नसतं. त्याला ना झोप, ना भूक, ना कुणाबद्दल वाईट बोलायची हौस. मला भीती वाटायची. हा माणूस असाच बसून बसून एक दिवस त्या खिडकीशी विझून जाईल, असं माझ्या मनात यायचं आणि हातातल्या शर्टाला चुकीची घडी पडायची.

मी दादाच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते आणि कोपऱ्यावर लाँड्री चालवते. माझा स्वभाव इस्त्रीसारखा आहे असं आमच्याकडे म्हणतात, तापायला वेळ लागत नाही. मी दादाला समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, एकदा त्याच्यासमोर पातेलं आपटलं. तो बाहेर बघत राहिला. पोस्टमनला बोलावते म्हटलं, तर उठून आतल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. असं करत वर्ष उलटून गेलं.

उपाय सापडला तो दवाखान्यातल्या नर्सबाईंकडे. दवाखान्याच्या मागे पूर्वी बसचं गॅरेज होतं. ते पाडल्यावर तेलकट माती आणि मोडक्या विटा तेवढ्या उरल्या होत्या. बाईंनी सगळ्यांच्या मागे लागून ती जागा साफ करून घेतली, चांगली माती आणवली, वाफे पाडले, आणि औषधाच्या रांगेतली माणसं एकेक करून तिकडे वळवली. त्यांचं म्हणणं, रांगेतल्या निम्म्या लोकांना ना ताप असतो ना खोकला. त्यांना घरात बोलायला माणूस नसतं. एक आजी सारख्या रक्तदाब मोजायला यायच्या. रक्तदाब उत्तम होता. कुणीतरी मनगट धरावं म्हणून यायच्या. त्या आजी आता मळ्यात टोमॅटो लावत होत्या आणि रक्तदाबाचं नावही काढत नव्हत्या.

मळ्याचा नियम एकच, पण विचित्र. आपल्या वाफ्यातलं आपण न्यायचं नाही. तुम्हाला टोमॅटो हवे असतील तर आजींना विचारायचं. आजींना पालक हवा असेल तर त्या तुम्हाला विचारणार. आणि विचारायचं ते स्वतःच्या तोंडाने. निरोप चालणार नाही, दुसऱ्याला पुढे केलेलं चालणार नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, या बाईंना उद्योग नाहीत. नंतर लक्षात आलं की बाईंनी सगळ्या घुम्यांना बरोबर कात्रीत पकडलं होतं.

वहिनीने तिथे एक वाफा घेतला आणि लगेच तिचे गुडघे दुखायला लागले. एरवी ती माझ्याहून भरभर जिने चढते. "अहो, मला तेवढं मळ्यापर्यंत सोडता का?" असं तिने कण्हत विचारलं. सोडायला गेलेल्या माणसाने परत घेऊनही यायचं, म्हणजे मधला वेळ तिथेच बसणं आलं. दादा एका पालथ्या क्रेटवर बसला. पाण्याच्या टाकीशी पोस्टमनचा वाफा आहे हे त्याने पाहिलं, आणि क्रेट फिरवून भिंतीकडे तोंड केलं. पोस्टमननेही ते पाहिलं. त्यानंतर तो आपल्या टोकाला आणि दादा आपल्या टोकाला. मळा काही मोठा नव्हता, पण दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांना टाळायचं ठरवलं की बैठकीच्या खोलीतही जागा पुरते. पोस्टमनचे केस तेव्हा त्याची बायको स्वयंपाकघरातल्या कात्रीने कापत होती. मागून बघितलं तर शेळी चरून गेल्यासारखं दिसायचं. दादा भिंतीकडे तोंड करून बसायचा, त्याला हेही एक कारण असावं.

बऱ्याच दुपारी अशा गेल्या. मग वहिनीच्या वाफ्यातली कोथिंबीर वेडीवाकडी वाढली, एक बाजू कमरेत वाकलेली, दुसरी खुरटी. दादाने एकदा बघितलं, दोनदा बघितलं, आणि त्याला राहवेना. मिशा कापायची छोटी कात्री त्याच्या खिशात सवयीने असायचीच. कंगवा नव्हता म्हणून त्याने डाव्या हाताची बोटं कोथिंबिरीत घातली, आणि असा एकसारखा कट मारला की नर्सबाई बाकीच्यांना दाखवायला घेऊन आल्या. हात थरथरत होता, पण कोथिंबिरीला कान नसतात.

काही दिवसांत ती कोथिंबीर पहिल्यापेक्षा दाट फुटली. मग पुदिना झाला, मग कुणाचा पालक. लोक दादाला आपल्या वाफ्याकडे बोलवायला लागले. कापलं की पुन्हा वाढतं हे दादा आयुष्यभर बघत आला होता, आणि मळ्यातही तसंच होतंय हे बघून त्याला जरा धीर आला. पुढची गडबड झाली ती त्यामुळेच.

पण आधी त्याचं तोंड उघडलं त्याची गोष्ट. वहिनीला टोमॅटो हवे होते आणि आजींना विचारायला तिला म्हणे लाज वाटत होती. ही बाई जन्मात कुणाला लाजलेली नाही. शेवटी दादा उठला, आजींसमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "टोमॅटो घेऊ?" आजी अशा संधीची वाटच बघत असाव्यात. त्यांनी टोमॅटो तोडता तोडता आपल्या सगळ्या सुनांचा इतिहास सांगितला. दादा ऐकत राहिला. धाकट्या सुनेपर्यंत गोष्ट आली तेव्हा त्याने मधेच म्हटलं की यात तिचं काही चुकलेलं दिसत नाही. वहिनी दुरून ऐकत होती. मत दिलं, म्हणजे माणूस शुद्धीवर आला, असं ती मला नंतर म्हणाली.

मला ते वेगळ्या तऱ्हेने कळलं. वर्षभर दादाच्या पँटी माझ्याकडे यायच्या त्या नुसत्या बसून चुरगळलेल्या. त्या आठवड्यात आली तिच्या दोन्ही गुडघ्यांवर मातीचे गोल होते, धुऊनही न गेलेले. मी ती पँट हातात धरून रडायला लागले, आणि समोरच्या गिऱ्हाइकाला वाटलं त्याचा कोट जळला. मग एका संध्याकाळी वहिनी धापा टाकत वर आली. "वन्सं, ते म्हणाले भाजीत मीठ कमी आहे," एवढंच तिला बोलता आलं. आम्ही दोघींनी त्यावर चहा केला.

आता मक्याकडे येते. पाण्याच्या पाटाच्या कडेने सगळ्यांनी मिळून मका लावला होता. तो कुणा एकाचा नव्हता. कणसं भरली की मळ्यातच विस्तव करून सगळ्यांनी भाजून खायची, असं ठरलं होतं. सगळ्यांत जास्त घाई आजींना होती, ज्यांच्या तोंडात दात मोजायला एक हात पुरला असता. उरलेलं बी पोस्टमनने आपल्या वाफ्यात टोचलं, ते कबुतरांनी उकरून खाल्लं, मग त्याने पुन्हा टोचलं. त्यामुळे मोठा मका डोक्याएवढा झाला तेव्हा पोस्टमनचा छातीला लागत होता. याचा मकासुद्धा उशिरा पोचणार, असं लोक म्हणायचे.

आणि अशात नर्सबाई एका संध्याकाळी म्हणाल्या की उद्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई मळा बघायला येताहेत, जरा नीटनेटकं दिसू दे. हे वाक्य दादासमोर बोलायला नको होतं.

सकाळी उजाडल्या उजाडल्या त्याने कपाटावरची पेटी काढली. वहिनीने ते बघितलं आणि आनंदाने काही विचारलं नाही. मीही विचारलं नसतं. मोठी कात्री आणि स्टूल घेऊन तो मळ्यात गेला. मक्याला नुकतेच तुरे फुटले होते, कुठे उभे, कुठे आडवे, झोपेतून उठलेल्या पोरांच्या डोक्यांसारखे. दादाने सगळा मका भादरला. एक तुरा ठेवला नाही. आम्ही पोचलो तेव्हा पाटाच्या कडेने मका ओळीने असा उभा होता की जणू सगळ्यांची एकाच दिवशी फौजेत भरती झाली आहे. लोक वाहवा करायला लागले. आजींनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनाही ते फार आवडलं, आणि दादाने त्यांना हा कट कसा साधायचा ते हातवारे करून समजावून सांगितलं. किती तरी दिवसांनी त्याचा हात असा हवेत चालला होता. मी वहिनीकडे बघितलं, वहिनीने माझ्याकडे.

नर्सबाई रांग आटोपून उशिरा आल्या. मक्याकडे बघितलं आणि बांधावर खालीच बसल्या. आमच्यात त्या एकट्याच शेतकऱ्याच्या घरातल्या. आम्ही बाकी सगळे मंडईतून भाजी आणणारे. त्यांनी हळू आवाजात सांगितलं की तुऱ्यातून पराग गळतो, तो खाली कणसाच्या केसांवर पडतो, तेव्हा कुठे दाणा भरतो. तुरे गेले म्हणजे यंदा पानं खूप, कणसं रिकामी.

दादाने विचारलं, "पण पुन्हा वाढतील ना?"

बाईंना खोटं बोलता आलं नाही.

दादाने कात्री पुसली, बांधावर ठेवली आणि तो घरी निघून गेला. वहिनी मागोमाग धावली, गुडघ्यांचं सोंग विसरून. कुणी त्याला एक शब्द बोललं नाही. एखाद्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान त्याने उलट उत्तर दिलं असतं. संध्याकाळी मी खाली गेले तेव्हा तो खिडकीशी बसला होता, पूर्वी बसायचा तसाच, आणि वहिनी स्वयंपाकघरात नळ सोडून रडत होती. मका गेला तर गेला, पण दादा पुन्हा गेला तर या वेळी परत येणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी नर्सबाई स्वतः लाँड्रीत आल्या. पोस्टमनच्या मक्याला आता तुरे फुटताहेत, म्हणाल्या. त्यांतला पराग झटकून मोठ्या मक्याच्या कणसांवर हाताने लावला तर दाणे भरतील. पण केस सुकायच्या आत लावायला हवा, एकेका कणसाला, मऊ ब्रशने. मी म्हटलं, चला, मी लगेच पोस्टमनला सांगते. बाईंनी मान हलवली. पराग दादाला हवा होता, वाफा पोस्टमनचा होता; म्हणजे विचारायचं दादाने. मी म्हटलं, बाई, एवढ्या एका वेळी तरी तो तुमचा नियम गुंडाळून ठेवा. त्या म्हणाल्या, याच वेळी नाही.

मी तापून दादाच्या घरी आले. खुर्ची ओढली, कपाटावरची पेटी खाली घेतली आणि मानेवरचे केस झटकायचा ब्रश बाहेर काढला.

"कशाला?" दादा म्हणाला. मळ्यातून घरी आल्यानंतरचा त्याचा हा पहिला शब्द.

मी सगळं सांगितलं. त्याने खिडकीची कडी काढून पुन्हा लावली. मग म्हणाला, "मी नाही जायचो त्याच्यासमोर. तो नाही म्हणाला तर?"

"तर निदान समोर येऊन म्हणेल," मी म्हटलं. "शटर खाली ओढून आत बसणार नाही."

वहिनी दारात उभी होती, तिने डोळे मिटून घेतले. दादाने माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या ब्रशकडे बघितलं. मग उठला, ब्रश काढून घेतला आणि त्याचे केस उलटसुलट करून बघितले, मी घाण तर केला नाही ना म्हणून.

मळ्यात आम्ही दोघी पालकाच्या वाफ्याआड थांबलो. लपलो होतो म्हटलं तरी चालेल. पोस्टमन वाकून गवत उपटत होता. दादा त्याच्या वाफ्यापाशी गेला आणि उभा राहिला. पोस्टमनला सावली दिसली असणार, पण तो वाकलेलाच राहिला. दादा एकदा खाकरला. पुन्हा खाकरला.

"तुझ्या मक्याचे तुरे झटकायचे होते," तो म्हणाला. "झटकू का?"

"कात्री आणलीयस?"

"नाही. ब्रश आहे."

"मग झटक," पोस्टमन म्हणाला, आणि गवताकडे वळला.

दंव सुकलं की काम सुरू व्हायचं. दाढीच्या साबणाची जुनी वाटी तुऱ्याखाली धरायची, तुरा हलवायचा, की वाटीत पिवळी धूळ पडायची, पिठापेक्षा बारीक. पहिल्या कणसाला नर्सबाईंनी स्वतः लावून दाखवलं. पराग एका जागी ढेकळासारखा पडला. दुसऱ्यांदाही तेच. मग ब्रश दादाने घेतला. त्याने सवयीने कोपर बरगडीला टेकवलं, हात घट्ट धरला, श्वास रोखला.

"काका, कोपर नका टेकवू," बाई म्हणाल्या. "हलू द्या हात."

त्याने कोपर सोडलं. हात थरथरायला लागला, आणि ब्रशमधून पराग असा खाली आला की कणसाच्या केसांवर सगळीकडे सारखा बसला, कुठे जास्त नाही, कुठे कमी नाही. बाईंनी वाकून बघितलं आणि म्हणाल्या, असंच. दादा आपल्या हाताकडे बघत राहिला. ज्या हाताला तो इतके महिने दाबून ठेवत होता, त्या हाताला कुणीतरी हलू दे म्हटलं होतं.

मग पुढे सगळ्या सकाळी तेच. एका हाताने वाटी धरून दुसऱ्याने ब्रश चालवणं दादाला जमेना, तेव्हा पोस्टमन न बोलता आला आणि त्याने वाटी धरली. दादा ब्रश बुडवायचा, पोस्टमन पुढच्या झाडाकडे सरकायचा. दोघांत बोलणं म्हणजे "पुढे" आणि "थांब", बस. कणसांशी मात्र दादा भरपूर बोलायचा. मान जरा इकडे, हलू नका, झालंच आता, असं सगळं, सलूनमध्ये बोलायचा तसंच. पोस्टमन ते ऐकायचा आणि वाटीत बघत राहायचा. एकदा दादाने एका कणसाला विचारलं की पावडर लावू का, तेव्हा पोस्टमनच्या हातातली वाटी हलली. तो हसला होता, पण त्याने ते मान्य केलं नसतं.

कणसं भरली की नाही ते सोलल्याशिवाय कळणार नव्हतं. ठरलेल्या दिवशी, ऊन उतरल्यावर, आम्ही पाटाशी विस्तव केला आणि सगळे गोल बसलो. पहिलं कणीस दादाने सोलायचं, असं आजींनी फर्मान काढलं. दादाने एकेक पान काढलं. आत दाणे होते. म्हणजे होते आणि नव्हते. दोन ओळी भरलेल्या, मधे एक जागा मोकळी, पुन्हा तीन दाणे, पुन्हा मोकळं. दुसरं सोललं, तेही तसंच. सगळी कणसं बोळकी. दादाचा चेहरा पडायला लागला होता, पण आजींनी ते कणीस हातात घेतलं, आपलं तोंड उघडून शेजारी धरलं आणि विचारलं, फरक सांगा बघू. त्यावर जो हशा झाला तो दवाखान्याच्या पुढच्या दारापर्यंत ऐकू गेला. मग सगळे आपापलं कणीस शेजाऱ्याला दाखवायला लागले, कुणाचं जास्त बोळकं ते ठरवायला.

दादाने मात्र ढिगातली कणसं उचलून उचलून बघितली. त्यांतलं सगळ्यांत भरलेलं काढलं, विस्तवावर स्वतः फिरवून फिरवून भाजलं, आणि ते घेऊन पोस्टमनपाशी गेला. पोस्टमन त्याच पालथ्या क्रेटवर बसला होता. बायकोने सकाळीच त्याचे केस कापले होते आणि डोक्याची एक बाजू दुसरीपेक्षा वर गेली होती. दादाची नजर तिथे गेली, मग कानावरच्या खाचेवर गेली, आणि तिथेच थांबली. मी कणीस खायची थांबले. शेजारी वहिनीने माझा हात धरला.

"कान कसा आहे?" दादाने विचारलं.

एवढा एक प्रश्न विचारायला त्याला इतके दिवस लागले होते. पोस्टमनने त्याच्या हातातलं कणीस घेतलं, एक घास तोडला, शांतपणे चावला.

"ऐकू चांगलं येतं," तो म्हणाला. "तू बोल."

दादाने दुसरं क्रेट ओढलं, त्याच्याकडे तोंड करून बसला, आणि सुरू झाला.